मामाजींची सुमती

मामाजींचा फोन आला की पहिले शब्द ठरलेले असायचे. "बाई, भेऊ नको." एवढं म्हणून ते थांबायचे. इकडे मी पोस्टाच्या काउंटरवर, समोर रजिस्ट्रीची रांग, हातात शिक्का आणि छातीत धडधड. 'भेऊ नको' ऐकून ज्याला भीती वाटली नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग ते दम घेऊन सांगायचे, "समूनं आज केळं थुकलं." किंवा, "दूधवाला नाही आला." कधी तर, "काही नाही, तू पोचली का मनून विचारून राहिलो." मी कितीदा सांगितलं, मामाजी, आधी काय झालं ते सांगा आणि मग भेऊ नको म्हणा. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "आधी सांगतलं तं तू भेशील ना."

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली बरीच भंडारा-पवनी रस्त्यावर. रिटायर झाल्यावर कोंढ्याच्या घरी राहत होते, थोडी धानाची शेती पाहत होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. माझी बाळंतपणाची आणि तिला जोडून घेतलेली रजा संपत आली तेव्हा घरात मोठाच प्रश्न उभा राहिला. नवऱ्याची नोकरी गडचिरोलीकडे, ते शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. माझी आई माझ्या वडिलांच्या आजारपणात अडकलेली. अशात एके सकाळी मामाजी एक बॅग, एक छत्री आणि तांदळाचं चुंगडं, म्हणजे पोतं, घेऊन भंडाऱ्याला आमच्या दारात उतरले. "मी हाव ना," म्हणाले. ज्या माणसाने आपल्या पोरांना कधी आंघोळ घातली नव्हती, त्याच्या हाती मी माझं नऊ-दहा महिन्यांचं लेकरू दिलं आणि दिवसभर काउंटरवर चुकीच्या पाकिटांवर शिक्के मारले. ते स्वतःच एकदा म्हणाले होते, "माही पोरं मी झोपलेलीच पाहिली. पहिल्या गाडीले निंघालो तं झोपलेली, शेवटच्या गाडीनं आलो तं झोपलेली."

कंडक्टरकी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. कुठूनही निघताना दोन पावलं पुढे जाऊन ते मागे वळून पाहायचे, बसची सीट तपासावी तसं. भाजीबाजारातून निघताना, दवाखान्यातून निघताना, शेजारच्या मेश्राम काकूंच्या ओसरीवरून उठतानासुद्धा. समू, म्हणजे आमचा सम्यक, त्यांच्या खांद्यावर बसलेला असायचा आणि हे मागे वळून समूला शोधायचे. मी हसले की म्हणायचे, "हास तू. गाडी रिकामी गेली चालते, बाई, पण माणूस मांगं राहू नये." मी स्वतः काही कमी काळजी करणारी नाही. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी बाई आहे मी. पण मामाजींपुढे मी म्हणजे निर्धास्त माणूस. काळजीच्या बाबतीत आमच्या घरी कधी टंचाई पडली नाही.

आणि काळजीला कारणही होतं. दीड वर्षाचा होईपर्यंत समू बरा खात होता. मग काय झालं कोण जाणे, त्याने तोंडच मिटलं. वरणभात पुढे केला की मान फिरवायची, पोळीचा तुकडा दिला की जिभेने बाहेर ढकलायचा, अंडं पाहिलं की रडायचं. मी गाणी म्हटली, चिमण्या दाखवल्या, मोबाइल दाखवला, शेवटी रागावलेही. डॉक्टरांनी वजन केलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "वजन वाढलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत दाखवा," म्हणाले. त्या शनिवारी नवऱ्याने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "नोकरीचं काय करायचं मग?" तो वाईट माणूस नाही. पण त्या प्रश्नातलं उत्तर मला ऐकू आलं. पोस्टातली ही नोकरी मी दोन परीक्षा नापास होऊन तिसऱ्यांदा मिळवली होती. माझा घास हातातच राहिला.

मामाजी समोरच बसले होते. त्यांनी भाताचा कालवलेला गोळा ताटात ठेवला आणि मुलाला म्हणाले, "नोकरी नाही सोडाची तिनं. तुह्या मायले मास्तरीण व्हाचं होतं. मी म्हणलं घरी पोट्ट्याईले कोण पाहीन. आता मी हाव घरी. मी पाहतो." त्या दिवसापासून समूचं वजन ही माझ्या एकटीची काळजी राहिली नाही, ती मामाजींची ड्यूटी झाली. वजन वाढलं तर माझी नोकरी राहणार आणि नाही वाढलं तर मामाजींचा शब्द जाणार, असं ते सरळ सरळ होतं.

आमच्या पोस्टातल्या एका मैत्रिणीने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जेवायला नखरे करणाऱ्या मुलांना फळं आणि भाज्या एकत्र फिरवून प्यायला द्यायच्या. केळ्यात पालक लपवायचा, गाजर वाफवून दह्यात घालायचं, साखर टाकायची नाही, खजुराने गोड करायचं. मी घरी येऊन मामाजींना समजावून सांगितलं. याला स्मूदी म्हणतात, हेही सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "बाई, भेऊ नको. सुमतीत मीठ टाकाचं का?" मी म्हटलं, कोण सुमती? म्हणाले, "थेच ना, कालची." मी दोन-चारदा सुधारायला गेले, पण ते नाव पक्कं झालं होतं. सकाळी पपईची सुमती, दुपारी गाजराची सुमती. एकदा मेश्राम काकूंनी मला फाटकाशी अडवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वाईट नको वाटून घेऊ, पण तुह्ये मामाजी दिवसभर 'सुमती झाली, सुमती झाली' करत असते. कोण हाय हे?" मी सांगितल्यावर त्या हसून हसून खाली बसल्या. नंतर त्यांच्या घरीही नातवाला सुमतीच मिळू लागली.

करायला मात्र मामाजी पक्के शिकले, ते सगळं भीतीपोटी. पपईची एक बी राहू नये म्हणून पपई खिडकीच्या उजेडात धरून पाहायचे. पालक आधी उकळत्या पाण्यातून काढायचा, मग गार पाण्यात टाकायचा. खजूर सकाळीच भिजवायचा आणि बोटांनी चाचपून बी काढायची. सगळं फिरवलं की गाळणीतून गाळायचं, आणि गाळलेलं पुन्हा गाळायचं, कारण घशात काही अडकलं तर? "तोंडातनं सांगता येत नाही त्याले," म्हणायचे. समूला मिक्सरच्या आवाजाची भीती वाटायची, तर यांनी मिक्सरवर जाड दुलई पांघरून तो चालवायला सुरुवात केली. काही दिवस छान चाललं. मग एका दुपारी फोन आला. "बाई, भेऊ नको. आग नाही लागली." मी खुर्चीतून उठलेच. मिक्सरची मोटर जळली होती आणि घरभर धूर झाला होता. समू मात्र काकूंच्या ओसरीवर बसून टाळ्या वाजवत होता, कारण आता आवाज बंद झाला होता. मामाजींनी त्याच दिवशी आपल्या पैशाने नवा मिक्सर आणला आणि तो न्हाणीघरात नेऊन, दार लावून चालवू लागले.

बाजाराला ते समूला घेऊन जायचे. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. कोहळ्याची फोड नखाने टोचून पाहायचे, चिकू कानाशी नेऊन हलवायचे, ते कशासाठी हे त्यांनाच ठाऊक. तलावातले सिंगाडे विकायला बाया बसतात, त्यांच्याकडून ताजे सिंगाडे घ्यायचे, उकडून, सोलून, केळ्याबरोबर फिरवायचे. ते दाट व्हायचं आणि गोड लागायचं. समूचं सारं लक्ष रंगावर. पिवळा, केशरी चालायचा. हिरवा दिसला की "छी" म्हणायचा. पालक आणि गाजर एकत्र केलं की मातकट रंग यायचा, तो ग्लास तर त्याने एकदा हाताने उडवला आणि मामाजींच्या पांढऱ्या बंडीवर तो डाग शेवटपर्यंत राहिला. "रंगावर नको जाऊ, समू," ते त्याला गंभीरपणे सांगायचे, "एसटीही लालच असते, पण आत माणसं चांगली असतेत."

प्यायला लावायची युक्ती मात्र त्यांची स्वतःची होती. प्रत्येक घोट म्हणजे एक थांबा. समूला मांडीवर घ्यायचं, भिंतीवर बोटाने टिकटिक करायचं आणि गाडी सोडायची. "चला भंडारा सुटली. घे घोट. पहेला आलं, पहेला. कोणी उतरते का? नाही? मंग घे आणखी एक. अड्याळ आलं. आता कोंढा, आबाजीचं गाव. आता पवनी, गाडी खाली." समूचे आबाजी म्हणजे ते स्वतः. पवनी आली की ग्लास संपला. संध्याकाळी घरी आले की मी विचारायचे, "आज गाडी कुठपर्यंत गेली?" ते म्हणायचे, "पवनी. पिलं. पूर्ण पिलं." आणि ओट्यावरचा स्टीलचा ग्लास दाखवायचे. तो ते मुद्दाम विसळायचे नाहीत, तळाशी फेस तसाच ठेवायचे, मला दिसावा म्हणून. तो फेस पाहिला की दिवसभर खांद्यावर बसलेलं ओझं खाली उतरायचं. मी चहा टाकायचे, आणि चहा पिताना मला पहिल्यांदा भूक लागल्याचं कळायचं.

पण काटा हलेना. एक महिना गेला, वजन तेवढंच. दुसरा गेला, मुंगीएवढं वाढलं. आता मला वेगळीच भीती वाटू लागली. खात नाही म्हणून वाढत नाही, हे समजण्यासारखं होतं. पण दिवसाला दोन ग्लास भरून पोटात जात असताना वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी बिघाड आहे. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर नको नको ते वाचायचे आणि डबा तसाच परत यायचा. डॉक्टरांनी विचारलं, काय काय देता? मी अभिमानाने यादी सांगितली. केळं, चिकू, पपई, कोहळं, गाजर, दही, सिंगाडे. ते म्हणाले, "एवढं सगळं जात असेल आणि तरी अंगी लागत नसेल, तर रक्त तपासून घेऊ. काही गोष्टी वेळेवर कळलेल्या बऱ्या." काही गोष्टी म्हणजे कोणत्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मागे वळून पाहिलं तर मामाजींचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा पडला होता. मला वाटलं, माझ्यासारखेच घाबरले आहेत. ऑटोतून उतरताना ते मागे वळून पाहायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघं रक्त द्यायला गेलो. तपासणीच्या खोलीत एक तरुण मुलगी होती. तिने समूला माझ्या मांडीवर बसवायला सांगितलं आणि त्याच्या दंडाला रबर बांधलं. एवढासा दंड, रबराला दोन फेरे द्यावे लागले. सुई दिसायच्या आतच समूने टाहो फोडला. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मामाजी दारातून पुढे आले आणि त्या मुलीच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"थांब, बाई. त्याले टोचू नको."

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली.

"मले टोच. त्याच्यात काही निंघत नाही." मग ते माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यात न पाहता, खाली फरशीकडे पाहत म्हणाले, "समू रोज पहेल्यालेच उतरते. पवनीपर्यंत मीच जातो."

त्या मुलीला काही समजलं नाही. मला मात्र समजलं, पण मन मानेना. "म्हणजे?" मी विचारलं.

"ग्लास मी पितो," ते म्हणाले. "तो एक घोट घेते, नाही तं दोन. मंग उतरून जाते. बाकी मी पितो. दुसऱ्या दिवसापासून."

ती मुलगी रबर सोडत मला म्हणाली, "ताई, मग डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या ना." मी समूला उचललं आणि बाहेर आले. मला काय काय वाटलं ते सांगायला हवं. आधी सुटका वाटली. पोराच्या आत काही बिघाड नाही, पोरगा फक्त उपाशी आहे. मग त्या 'फक्त उपाशी'चा अर्थ लागला आणि संताप आला. दोन महिने मी जे नाही ते आजार मनात आणत होते, आणि हा माणूस रोज संध्याकाळी मला फेस दाखवत होता. घरी पोचल्यावर बोलले. जे बोलले त्यातलं पुष्कळ बोलायला नको होतं असं नाही, पण आवाज मेश्राम काकूंच्या ओसरीपर्यंत गेला.

मामाजी ओट्याला टेकून उभे होते. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "तू संध्याकाळी आली का पहिले ग्लास पाहे, मंग पोराले पाहे. पहिल्या दिवशी अर्धा उरला होता. मी सांगतलं, अर्धा उरला, तं तू चप्पल घातलेलीच खाली बसली. मंग म्हणली, मी उद्यापासून नाही जात ऑफिसात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उरला. मले तुह्यं थे तोंड पाहवत नव्हतं, बाई. टाकवतही नव्हतं. मंग पिलं." आणखी म्हणाले, "मले वाटे, उद्या पिईन. उद्या पिईन म्हणता म्हणता गाडी लंबी झाली."

मला आठवलं. त्या पहिल्या दिवशी मी खरंच तसं म्हणाले होते. आणि दुसरंही आठवलं, ज्याने माझा राग जिथल्या तिथे थांबला. मामाजींना शुगर होती. सकाळ-संध्याकाळ गोळी होती. ज्या माणसाने चहातली साखर सोडली होती, तो दोन महिने रोज केळं, चिकू आणि खजुराचे दोन-दोन ग्लास पीत होता. मी विचारलं, "मामाजी, तुमची शुगर?" ते म्हणाले, "थे राहू दे." मग स्वतःच हसू लागले. "मागं बीटाची सुमती केली होती ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तं मोरीतच हात जोडले. मले वाटलं, लघवीतनं रगत चाललं. तुले सांगाव तं चोरी सापडे. दिवसभर समूकडे पाहत बसलो का हे आपलं शेवटचंच पाहणं हाय." मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही मी त्यांच्यासमोरच केलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांची शुगर तपासली. आकडा पाहून डॉक्टर मामाजींना लहान मुलासारखे रागावले. गोड बंद, केळं बंद, चिकू बंद. मग मी घरात दोन ग्लास सुरू केले. एक समूचा, गोड आणि केशरी. दुसरा मामाजींचा, दुधी, काकडी, पालक आणि मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा कोवळा पाला, वर लिंबू आणि चिमूटभर मीठ. तो पाहूनच तोंड वाकडं व्हावं. मामाजी नाक दाबून प्यायचे आणि चेहरा असा करायचे की समू टक लावून पाहत राहायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समूने आपला ग्लास बाजूला सारला आणि त्यांच्या हिरव्या ग्लासाकडे बोट दाखवलं. मामाजींनी ग्लास पोटाशी धरला. "हे माहं हाय. तुले नाही भेटत." समूने हट्ट धरला. मामाजींनी फार मोठ्या मनाने एक घोट दिला. समूने तोंड आंबट केलं, अंग शहारलं, आणि म्हणाला, "आनखी."

आजही मला त्यातलं गूढ कळलेलं नाही. लपवलेला पालक ज्याला चालला नाही त्याने उघडा, हिरवागार, आंबट पालक आबाजीच्या ग्लासातून घेतला. कदाचित इतके दिवस सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसत होते, आणि आता पहिल्यांदा कोणीतरी स्वतः पीत होतं. मामाजींना कारण शोधायचं नव्हतं. ते दर वेळी तेवढीच कुरकुर करायचे, "अर्धं तुह्यं, अर्धं माहं, त्याच्यापुढं नाही," आणि समू आपलं अर्धं पिऊन ग्लास त्यांच्या हाती द्यायचा. ग्लासावरून समू काकडीच्या फोडीवर आला, फोडीवरून मामाजींच्या ताटातल्या भाकरीवर. डॉक्टरही म्हणाले, नुसतं प्यायला देत बसू नका, चावू द्या. पुढच्या वजनाच्या वेळी मामाजी आत आलेच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिले. मी बाहेर येऊन वजन वाढल्याची मान डोलावली तेव्हा त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "उन्हाचा घाम हाय." नोकरीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे दीड वर्ष ते आमच्याकडे होते. मागच्या कापणीला कोंढ्याला गेले, चार दिवसांत येतो म्हणाले. निघताना समूला नाही, मला सांगून गेले, "माहा ग्लास त्याले देशीन, पण पूर्ण नको देऊ. सवय मोडते." धानाचे भारे बांधावर आले त्या दिवशी शेतातच छातीत कळ आली. पवनीला नेईपर्यंत सारं संपलं होतं. मी डॉक्टरांना नंतर विचारलं की ते दोन महिन्यांचे गोड ग्लास याला कारण असतील का. ते म्हणाले, असं काही सांगता येत नाही, वय होतं, शुगर जुनी होती. सांगता येत नाही, एवढंच घेऊन मी घरी आले. तो प्रश्न माझ्याकडे आहे आणि राहील. कधी काउंटरवर गर्दी नसली की तो समोर येऊन उभा राहतो.

समूला आम्ही खरं ते सांगितलं. आबाजी आता येणार नाहीत. तो ऐकतो, मान हलवतो. बालवाडीतून येतो, भात-वरण खातो, पोळी खातो, वजनाची काळजी आता उरली नाही. हिरवा ग्लास मात्र अर्धाच पितो. अर्धा झाला की ओट्यावर नेऊन ठेवतो. "थे आबाजीचं," म्हणतो. पहिल्या दिवशी मी तो तसाच ठेवला. खेळून आल्यावर त्याने पाहिलं, ग्लास भरलेलाच. "आबाजीनं नाही पिलं? आबाजीले बरं नाही का?" असं विचारून तो ओट्याजवळच बसून राहिला. कपाळावर आठी, आणि त्या दिवशी संध्याकाळी जेवला नाही. नवरा म्हणाला, पुन्हा समजावून सांगू. सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा ग्लास ओट्यावर.

आता तो अंगणात गेला की मी ओट्याशी उभी राहून उरलेलं पिऊन टाकते. आंबट असतं, मुनग्याचा पाला घशाला लागतो. ग्लास विसळत नाही, तळाशी फेस राहू देते. तो पळत आत येतो, टाचा उंच करून ग्लासात डोकावतो आणि माझ्याकडे पाहतो.

"पिलं?"

"पिलं," मी म्हणते. "पूर्ण पिलं."